शहर घडवणारी माणसं (लेखांक ९) : भावकीची कंपनी

गेल्या आठवड्यात आपण एच. टी. पारेख आणि दीपक पारेख ही काका-पुतण्याची जोडी पाहिली. आयसीआयसीआयमधून निवृत्त झाल्यावर काकांनी १९७७ साली एचडीएफसी काढली आणि पुढच्याच वर्षी पुतण्या परदेशी बँकेतली नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली आला. तिथे शिकवणारा एक आणि शिकणाराही एकच होता. आज हडपसरला जायचं आहे. तिथे शिकायला बसली होती सुमारे १२० शेतकरी कुटुंबं, आणि बहुतेकांचं आडनाव मगर.

मगरपट्टा सिटीबद्दल पुण्यात बोलणं निघालं की आयटी टॉवर, रुंद रस्ते, मधली हिरवळ यांचं कौतुक होतं. ते योग्यच आहे. पण त्या चारशेहून अधिक एकरांवर जे घडलं त्यातला सगळ्यात अवघड भाग इमारतींमध्ये दिसत नाही. ऊस आणि भाजीपाला पिकवणाऱ्या घरांतली एक पिढी तिथे बांधकामाच्या धंद्यात उतरली, टिकली आणि आपल्याच जमिनीवरच्या शहराची मालक राहिली. हे कसं शिकवलं गेलं, हा आजच्या लेखाचा विषय.

आधी त्या वेळची परिस्थिती. हडपसरची ही जमीन कालव्याच्या पाण्याची, बागायती. शहर सोलापूर रस्त्याने पुढे सरकत होतं. विकास आराखड्यात शेतीची जमीन शहरी वापरासाठी दाखवली गेली की ती १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याच्या कक्षेत येण्याची भीती असे. म्हणजे शेती करत राहावं तर शहर चारी बाजूंनी दाबणार, आणि थांबून राहावं तर जमीन सरकारजमा होण्याची टांगती तलवार. उरला तिसरा रस्ता, मिळेल त्या भावाने विकून मोकळं होण्याचा. पुण्याच्या चहूबाजूंच्या गावांनी तोच धरला. गिऱ्हाईक एकेकाला गाठतं. ज्याचं रान रस्त्याला लागून त्याला चढा भाव, ज्याचं आत त्याला पडेल तो. सख्ख्या भावांत वितुष्ट येतं ते इथेच. पैसा येतो, बंगला होतो, गाडी येते, लग्न धूमधडाक्यात होतं आणि दहा-पंधरा वर्षांत हाताशी काही राहत नाही. अशा तरुणांना लोक गुंठामंत्री म्हणून हिणवतात. मला त्यात अन्याय दिसतो. ज्याला पिढ्यान् पिढ्या फक्त जमीन कसायला शिकवलं, त्याच्या हाती एका दिवसात रोकड ठेवायची आणि ती सांभाळता आली नाही म्हणून हसायचं, हे बरं नव्हे.

सतीश मगर हे याच भावकीतले. शिक्षण शेतकीचं, घराणं गावात मानाचं. पिंपरी-चिंचवडच्या जडणघडणीत ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं ते अण्णासाहेब मगर याच घराण्यातले. १९९० च्या दशकात सतीश मगर यांनी भावकीपुढे ठेवलेली कल्पना सांगायला सोपी होती. कुणीही एकट्याने जमीन विकायची नाही. सगळी जमीन एकत्र करायची, तिची एक कंपनी काढायची, आणि ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात त्याला कंपनीचे शेअर. शहर आपणच बांधायचं. परवानग्या मिळवण्यात काही वर्षं गेली आणि २००० साली प्रत्यक्ष काम सुरू झालं. आराखडा हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा.

या शेअरच्या व्यवस्थेतली एक गोष्ट नगररचनेच्या दृष्टीने फार मोलाची आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जमीन वेगवेगळ्या सातबाऱ्यांवर असते तेव्हा आराखड्यावरची प्रत्येक रेघ कुणाचं तरी नुकसान करते. रस्ता तुझ्या रानातून का नाही, बाग माझ्याच बांधावर का? शेअर झाल्यावर हा प्रश्नच संपतो. मगरपट्ट्याच्या मधोमध अदिती गार्डन आहे, जवळपास पंचवीस एकरांचं. ते ज्याच्या शेतावर आलं त्याचा एक पैसा बुडाला नाही, आणि ज्याच्या शेतावर टॉवर उभा राहिला त्याला एक पैसा जास्त मिळाला नाही. शहराच्या मधली एवढी मोठी मोकळी जागा बिल्डर सहसा सोडत नाही. इथे ती सोडता आली याचं कारण मालकीच्या रचनेत आहे. आणखी एक. चार एकरांची वाटणी चार भावंडांत करायची तर बांध घालावे लागतात, लेकींचा हिस्सा निघाला की कुरबुर होते. शेअरची वाटणी कागदावर होते, तुकडा पडत नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला तो १९९४ साली, म्हणजे याच सुमाराला. या दोन गोष्टी एकमेकींना किती पूरक होत्या यावर कुणी तरी नीट लिहायला हवं.

पण शेअर हातात पडल्याने शेतकरी मालक होतो, व्यावसायिक होत नाही. म्हणून सतीश मगर यांचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम इथून पुढचं आहे. बांधकामाला लागणारी कामं, म्हणजे खोदाई, मातीची वाहतूक, वाळू-विटांचा पुरवठा, मजूर पुरवणं, पुढे बागकाम आणि देखभाल, यांतली शक्य तितकी कामं भागधारक कुटुंबांतल्या तरुणांना दिली गेली. त्यासाठी त्यांना शिकवलंही गेलं.

हे शिक्षण म्हणजे नेमकं काय, हे साइटवर वावरल्याशिवाय कळत नाही. समजा, बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आहे. घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. त्याला पायाच्या खोदाईचं आणि मुरूम वाहून न्यायचं काम मिळालं. तो रोज खेपा मोजतो, वहीत लिहितो. महिनाअखेर साइट इंजिनिअर येतो आणि खेपांकडे बघतही नाही. तो टेप लावून खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली घेतो आणि मेजरमेंट बुकात घनमीटर लिहितो. जमिनीतून निघालेला माल मोकळा झाला की फुगतो, त्यामुळे ट्रॉलीतलं माप खड्ड्यातल्या मापापेक्षा नेहमीच जास्त भरतं. मुलाला वाटतं आपल्याला फसवलं. मग बिल निघतं. त्यातून टीडीएस कापलेला, रिटेन्शन म्हणून काही टक्के रोखून ठेवलेले, आणि उरलेले पैसे यायला महिना-दीड महिना. डिझेल मात्र रोज रोखीने लागतं आणि ड्रायव्हरला शनिवारी पगार द्यावा लागतो. पहिल्याच कामात नफा होऊनही मुलगा उधारीत जातो. नव्या ठेकेदारांपैकी कितीतरी जण याच टप्प्यावर धंदा सोडतात.

इथे जवळ कुणी तरी बसून सांगणारा हवा. दर लावतानाच फुगवटा धर. रिटेन्शन हा नफ्यातला पैसा समज, खर्चात धरू नकोस. दीड महिन्याचं खेळतं भांडवल हाताशी असल्याशिवाय दुसरं काम घेऊ नकोस. मेजरमेंट घेताना स्वतः टेपचं दुसरं टोक धर आणि बुकात सही करण्याआधी आकडे वाच. कॉलेजात ही शिकवण मिळत नाही, व्याख्यानातूनही मिळत नाही. खरं काम, खरे पैसे आणि चूक झाली तर सावरायला माणूस, असं तिन्ही एका वेळी लागतं. मगरपट्ट्यात हे तिन्ही एका जागी आणता आलं, कारण काम देणारी कंपनी त्या मुलाच्याच घरच्यांची होती. तो मोठा व्हावा यात कंपनीचा फायदा होता आणि कंपनीचं काम चोख व्हावं यात त्याचा.

याची दुसरी बाजू कठोर आहे. भावकीत नाही म्हणणं सोपं नसतं. चुलतभावाच्या मुलाने पुरवलेल्या विटा कच्च्या निघाल्या तर त्या परत पाठवायच्या का? काँक्रीटचे क्यूब २८ दिवसांच्या चाचणीत कमी भरले तर त्याचं बिल थांबवायचं का? एकदा डोळेझाक केली की दर्जा गेला आणि सदनिका घेणाऱ्याने पाठ फिरवली की सगळ्यांचेच शेअर कागदाचे झाले. म्हणून नात्यातल्या ठेकेदाराला परक्यापेक्षा जास्त संधी द्यायची पण सूट मात्र द्यायची नाही, ही रेघ नेत्याला रोज धरावी लागते. मला वाटतं, शहर उभं करणाऱ्या माणसाचा कस इथे लागतो, परवानग्या आणण्यात किंवा कर्ज उभारण्यात तितका नाही.

दुसरा निर्णय आयटी इमारतींबद्दलचा. घरं विकली, पण सायबर सिटीतल्या कार्यालयांच्या जागा भाड्याने देण्यावर भर ठेवला. विक्रीचा पैसा एकदाच येतो, भाडं दरसाल येतं. हंगामावर जगलेल्या कुटुंबांना ही गोष्ट पटवायला फार सायास पडले नसतील असं मी धरून चालतो; वर्षाला पीक येत राहिलं पाहिजे हे त्यांना रक्तातूनच ठाऊक होतं. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्याचा शेअर घरोघर असतो, त्यामुळे शेअर म्हणजे काय हेही समजावावं लागलं नसावं. नव्या संस्थेची मुळं जुन्या सवयीत असली की ती लवकर धरते.

हाच शेअरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी का फसला ते पाहिलं की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. याच पुणे जिल्ह्यात, खेड-शिरूर परिसरात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेतली गेली. शेतकऱ्यांना १५ टक्के विकसित जमीन परताव्यात मिळायची होती. त्याऐवजी त्यांना एका कंपनीत भागीदारी देण्यात आली. वरवर पाहता मगरपट्ट्याचंच सूत्र. पण तिथे शेतकऱ्यांच्या हाती कंपनी चालवण्याचं काम आलं नाही, ठेके आले नाहीत, हिशोब वाचून दाखवणारा घरचा माणूस नव्हता. वर्षानुवर्षं शेतकरी आपला परतावा मागत आंदोलनं करत राहिले. कागद दोन्हीकडे सारखा होता. त्या कागदासोबत धंद्याचं ज्ञान एकीकडे आलं, दुसरीकडे आलं नाही.

मगरपट्ट्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही सगळी व्यवस्था सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी होती. त्याच रानांत पिढ्यान् पिढ्या राबलेले शेतमजूर, वाट्याने करणारे, यांना शेअर मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्या नावावर गुंठाही नव्हता. एका आडनावाच्या, एका जातीच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांत जो विश्वास सहज निर्माण होतो तो मिश्र वस्तीच्या गावात होईलच असं नाही. मगरपट्ट्याचा दाखला देणाऱ्या सरकारी कार्यशाळांमध्ये हे बोललं जात नाही. भूमिहीनांना ठेक्यांत, देखभालीच्या कामांत, शाळेच्या फीमध्ये काही राखीव हिस्सा देता येतो. त्यासाठी मालकी लागत नाही, इच्छा लागते.

तरीही विद्या एका भावकीत अडकून पडली नाही. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गावच्या शेतकऱ्यांनी मगरपट्टा पाहिला आणि त्याच मार्गाने जायचं ठरवलं. जवळपास सातशे एकरांवर नांदेड सिटी उभी राहिली, शेतकऱ्यांच्याच कंपनीकडून, सतीश मगर यांच्या नेतृत्वाखाली. या दोन्ही प्रकल्पांत मला महत्त्वाचा वाटतो तो हा फरक. पहिल्या वेळी शिकवणाऱ्यालाही सगळं नवं होतं. दुसऱ्या वेळी करारांचे मसुदे, ठेक्यांचे दर, शेअर वाटपातल्या अडचणी, कुठल्या टप्प्यावर घरात भांडणं होतात, हे सगळं आधीच माहीत होतं. नांदेडच्या शेतकऱ्याला शंका आली तर तो हडपसरच्या शेतकऱ्याला जाऊन विचारू शकत होता, आणि शेतकऱ्याचा शेतकऱ्यावर जेवढा विश्वास बसतो तेवढा कुठल्याच सल्लागारावर बसत नाही. २०१९ साली सतीश मगर क्रेडाई या बांधकाम व्यावसायिकांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष झाले. हडपसरच्या शेतातून निघालेला माणूस त्या जागी बसला याचा आनंद आहेच. पण नांदेडमधल्या त्या शेकडो एकरांवर जे रुजलं ते मी अधिक मोठं मानतो.

आज पुण्याभोवती पीएमआरडीए नगररचना योजना राबवत आहे. म्हाळुंगे-माणच्या योजनेत जमीनमालकांना ५० टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपाने परत देण्याचं सूत्र आहे. ते चांगलं आहे, सक्तीच्या संपादनापेक्षा कितीतरी चांगलं. पण भूखंड परत मिळालेल्या कुटुंबाने पुढे काय करायचं, याची तरतूद योजनेच्या कागदांत असायला हवी. योजनेतले रस्ते, गटारं, पाइपलाइन, झाडं लावणं या कामांत त्याच गावांतल्या तरुणांसाठी छोटे ठेके काढावेत. पहिली दोन बिलं निघेपर्यंत त्यांच्यासोबत बसणारा अनुभवी माणूस प्राधिकरणाने नेमावा. आणि हे ठेके घेणाऱ्यांत भूमिहीन घरांतली मुलं ठरावीक प्रमाणात असावीत. असा माणूस शोधायला दूर जावं लागणार नाही. मगरपट्टा आणि नांदेड या दोन ठिकाणी आज चाळिशी-पन्नाशीतले असे अनेक ठेकेदार आहेत ज्यांनी स्वतःचं पहिलं बिल चुकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात खाडीपलीकडे. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मुंबईपुढे नव्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांच्या जमिनीवरचं ते शहर घडवताना तरुण अभियंते आणि नियोजनकार काय शिकले, आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या जासईच्या आंदोलनाने त्यांना काय शिकवलं, ते पाहू.