ग्रेटेस्ट हिट्स म्हणजे फक्त यादी नव्हे : सायमन अँड गारफंकल, १९७२

आजच्या भागाचा विषय थोडा जुना आहे, पण तुमच्या फोनशी त्याचा थेट संबंध आहे.

कुठल्याही म्युझिक अ‍ॅपवर एखाद्या कलाकाराचं पान उघडा. सगळ्यात वर काय दिसतं? 'पॉप्युलर'. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा वाजलेली गाणी. कोडच्या भाषेत सांगायचं तर प्ले काउंटवर केलेलं सॉर्टिंग. काम सोपं आहे, फुकटात होतं आणि बऱ्याचदा पुरतंही. पण माणसांनी बसून यादी लावली तर काय फरक पडतो? त्याचं माझ्या मते एक उत्तम उदाहरण म्हणजे 'सायमन अँड गारफंकल्स ग्रेटेस्ट हिट्स'.

आधी थोडी पार्श्वभूमी. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल हे न्यू यॉर्कचे शाळेपासूनचे मित्र. सायमन गाणी लिहायचा आणि गिटार वाजवायचा. गारफंकलचा आवाज उंच आणि स्वच्छ. १९७० मध्ये 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' हा त्यांचा सगळ्यात मोठा अल्बम आला आणि त्याच वर्षी जोडी फुटली. कंपनीकडे गाणी होती, श्रोते होते, पण बँडच नव्हता! जून १९७२ मध्ये हे संकलन बाजारात आलं. एकच रेकॉर्ड, १४ गाणी, दोन्ही बाजूंना सात-सात. पुढे एकट्या अमेरिकेत त्याला १ कोटी ४० लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं.

आता यादी नीट बघा. पहिली गंमत म्हणजे १४ पैकी चार गाणी लाइव्ह आहेत आणि तोवर ती रेकॉर्डिंग्ज कुठेच आलेली नव्हती. 'होमवर्ड बाउंड' हे मुळात हिट झालेलं गाणं, पण इथे स्टुडिओतलं न घेता मैफलीतलं घेतलंय. गिटार, आवाज आणि टाळ्या. जोडी फुटल्यावर नवीन काही मिळणार नव्हतं, त्यामुळे चाहत्यांसाठी हीच जवळजवळ नवी गाणी होती.

दुसरी गंमत : 'अ हेझी शेड ऑफ विंटर' हे गाजलेलं सिंगल इथे नाहीच. उलट 'बुकएंड्स' हे जेमतेम सव्वा-दीड मिनिटाचं गाणं आहे. काउंटवर सॉर्ट केलं असतं तर असं झालं नसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. दुसऱ्या बाजूला 'अमेरिका' संपतं आणि लगेच 'कॅथीज साँग' येतं. 'कॅथीज साँग' १९६६ च्या 'साउंड्स ऑफ सायलेन्स' अल्बममधलं आणि 'अमेरिका' १९६८ च्या 'बुकएंड्स'मधलं. म्हणजे दोन वेगळे अल्बम, मध्ये दोन वर्षं. पण कॅथी तीच : सायमन इंग्लंडमध्ये राहत असताना त्याची मैत्रीण. 'अमेरिका'त ती बसमध्ये त्याच्या शेजारी बसलेली आहे. 'कॅथीज साँग'मध्ये ती दूर आहे आणि तो तिच्या आठवणीत. ही दोन गाणी एकामागोमाग ऐकली की प्रवास आणि विरह यांची एक छोटी गोष्ट तयार होते. ती कुठल्याच मूळ अल्बममध्ये नव्हती. एकही नवा शब्द न लिहिता, फक्त क्रम बदलून!

आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. त्या हिशोबाने 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' अगदी शेवटी यायला हवं होतं ना? पण ते दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच नंबरवर येऊन जातं. शेवटी काय, तर 'सेसिलिया', ज्याचा ठेका घरात मित्रमंडळींनी ठोकाठोक करता करता टेप झाला होता. म्हणजे तुटलेल्या जोडीचा निरोपाचा अल्बम रडत नाही, टाळ्या वाजवत संपतो.

यात नुकसान काहीच नाही का? आहे. मूळ 'बुकएंड्स'ची पहिली बाजू तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत जाते आणि 'अमेरिका' हा त्यातला सुरुवातीचा टप्पा आहे. संकलनात तो धागा तुटतो. शिवाय हा शेवटी कंपनीचा धंदाच होता, हेही खरं. पण त्याच धंद्यात 'अमेरिका'ला दुसरा जन्म मिळाला. १९६८ मध्ये ते फक्त अल्बममधलं एक गाणं होतं. या संकलनासोबत १९७२ मध्ये ते सिंगल म्हणून आलं. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांच्या प्रचाराच्या जाहिरातीत तेच वाजलं.

मुद्दा इतकाच की प्ले काउंट आपल्याला गर्दीला काय आवडलं ते सांगतो. एखादं कमी वाजलेलं गाणं दुसऱ्या कुठल्या गाण्याशेजारी ठेवलं तर उजळेल, हे तो सांगू शकत नाही. आणि जे वर दिसतं तेच जास्त वाजतं, म्हणून ते पुन्हा वरच राहतं. खाली राहिलेलं गाणं खालीच.

तर आज एक करून बघा. हा अल्बम शोधा, शफल बंद करा आणि आठव्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐका. वीसेक मिनिटांचं काम आहे. दहावं आणि अकरावं गाणं ऐकताना फोन खिशात ठेवा.

मग तुमच्या आवडत्या मराठी गायकाची अशीच १४ गाण्यांची यादी लावा. कुठलं हिट गाळाल? शेवटी काय ठेवाल? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!