‘टेक्स्ट’ हवा होता, ‘टेक्स्ट’च दिला : हास्केलमधल्या आवृत्त्यांचा झगडा

हास्केल शिकणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ही शुद्ध फंक्शनांची भाषा, प्रत्येक गोष्टीचा टाइप तपासून घेणारी, इथे लायब्ररींची भांडणं कशाला होतील? हा पहिला गैरसमज. भांडणं इथेही होतात, फक्त ती आधी दिसतात. क्लोजर या दुसऱ्या फंक्शनल भाषेत क्लासपाथवरून एका नावाचा एकच क्लास उचलला जातो आणि तो चुकीच्या आवृत्तीतला निघाला, तर प्रोग्रॅम चालू असताना कोसळतो. हास्केलमध्ये गाडी बहुधा बिल्डच्या आधीच अडते.

का अडते, हे एका शब्दावरून पाहू. टेक्स्ट या लायब्ररीची १.२ मालिका अक्षरं यूटीएफ-१६ मध्ये साठवायची. २०२१च्या अखेरीस आलेल्या २.० पासून ती यूटीएफ-८ मध्ये साठवते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत. जुन्या पद्धतीत त्यांना १० बाइट लागत, नव्या पद्धतीत १५ लागतात. जुन्या टेक्स्टवर बांधलेल्या पॅकेजच्या हाती नवा टेक्स्ट दिला, तर ते वेगळ्याच मांडणीचे बाइट वाचेल. म्हणून जीएचसी कंपायलर दोन आवृत्त्यांमधले टेक्स्ट हे नाव सारखं असलं तरी दोन वेगळे टाइप मानतो. एका प्रोजेक्टसाठी प्रत्येक पॅकेजची एकच आवृत्ती निवडायची, हा कॅबल या बिल्ड करणाऱ्या साधनाचा आग्रह इथून येतो. तो आग्रह मला जाचक वाटत नाही. अडवलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहावा.

दुसरा गैरसमज कॅबल नकार देताना दाखवतो त्या लांबलचक संदेशाबद्दल आहे : तो वाचण्यात अर्थ नाही, आवृत्तीचे आकडे बदलत राहायचं, कधीतरी जुळेल. खरं तर उत्तर बहुतेकदा त्या संदेशातच असतं. ‘कॉन्फ्लिक्ट’ लिहिलेल्या ओळी शोधा. कोणतं पॅकेज कोणाकडे कुठली आवृत्ती मागतं आहे, ते तिथे नावानिशी दिलेलं असतं. समजा तुम्ही जेसन हाताळणाऱ्या एसन या लायब्ररीची २.० आवृत्ती मागितली आणि तुमच्या यादीतलं एक जुनं पॅकेज ‘एसन २ च्या खालीच’ म्हणून बसलं आहे. मग तुमचं भांडण एसनशी नाही, त्या जुन्या पॅकेजशी आहे. संदेशाचा शेवटही वाचावा. सगळ्या शक्यता तपासून झाल्या असं म्हटलं असेल, तर दिलेल्या अटींत उत्तर नाही. बॅकजंपची, म्हणजे शोधात मागे फिरण्याची, मर्यादा संपली असं म्हटलं असेल (ती मुळात ४००० असते), तर शोध अर्धवट थांबला आहे. मर्यादा वाढवली किंवा एखादी अट घट्ट केली तर उत्तर सापडूही शकतं. या दोन नकारांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

‘सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल कर’ हा सल्ला जुन्या काळातला आहे. तेव्हा सगळ्या प्रोजेक्टची पॅकेजं एकाच कोठीत जात आणि एकासाठी काही नवं बसवलं की दुसरं मोडे. ‘कॅबल हेल’ हे नाव त्याच दिवसांतलं. २०१९मधल्या कॅबल ३.० पासून प्रत्येक बिल्डची नोंद तिच्या हॅशनुसार वेगळी राहते, त्यामुळे एक प्रोजेक्ट दुसऱ्याला धक्का लावत नाही. आज कोठी पुसली तर झगडा मिटत नाही, फक्त सगळं पुन्हा कंपाइल होण्याची वाट पाहावी लागते.

बेस या पायाभूत लायब्ररीची आवृत्ती मात्र आपण सहसा निवडत नाही. ती कंपायलरबरोबर येते. जीएचसी ९.४ बरोबर ४.१७, ९.६ बरोबर ४.१८. भांडण बेसवरून असेल, तर कंपायलरची आवृत्ती बदलणं हाच सरळ मार्ग.

सगळ्यात धोक्याचा गैरसमज ‘अलाऊ-न्यूअर’ या पर्यायाबद्दल आहे. तो सगळ्यांसाठी खुला केला की आवृत्त्यांवरच्या वरच्या मर्यादा दुर्लक्षिल्या जातात आणि झगडा मिटल्यासारखा वाटतो. या मर्यादा पॅकेजकर्त्याच्या हट्टापायी लिहिलेल्या नसतात. एसन २.० ने जेसनचा ऑब्जेक्ट हॅशमॅपवरून कीमॅपवर नेला, कारण मुद्दाम एकच हॅश येणाऱ्या किल्ल्या पाठवून सर्व्हर ठप्प करता येत होता. अशा बदलानंतर जुना कोड कंपाइल झाला नाही तर ते बरंच, निदान कळतं. टाइप तेच राहून वागणूक बदलली, तर कंपायलर काहीच सांगणार नाही. म्हणून ही सूट एका पॅकेजच्या एकाच डिपेंडन्सीपुरती द्यावी आणि त्यानंतर टेस्ट चालवाव्यात.

स्टॅकेज या निवडक पॅकेजांच्या संग्रहातला संच घेतला तर यातलं बरंच टळतं, कारण त्यातली पॅकेजं एकमेकांसोबत बिल्ड करून पाहिलेली असतात. पण ती निर्दोष आहेत किंवा सगळ्यात नवी आहेत, असा त्याचा अर्थ नाही.

आणि सूट देऊन टेस्ट पास झाल्या, तर ती माहिती स्वतःपाशी ठेवू नये. पॅकेजच्या मेंटेनरला कळवावं : अमुक पॅकेज, अमुक आवृत्ती, अमुक कंपायलर, टेस्ट पास. हॅकेज या पॅकेजांच्या भांडारावर नवी आवृत्ती न काढताही, फक्त रिव्हिजन करून, मेंटेनरला ती मर्यादा सैल करता येते. मग पुढच्या माणसाने पॅकेजची यादी ताजी केली की त्याच्याकडे तो झगडा उभाच राहत नाही.