सावित्रीबाईंचं पदक

आम्हां बायकांना भांड्यांवर नाव घालून घ्यायची भारी हौस. माझ्या घरी तर डब्याच्या झाकणावरसुद्धा सासूबाईंचं नाव आहे! पण परवा शाळेच्या बक्षीस समारंभात धावण्यात पहिली आलेली मुलगी पदक हातात घेऊन हळूच म्हणाली, "बाई, हे माझं नाव नाहीये." कोरणाऱ्यानं वेलांटी चुकवली होती. मला अगदी चर्र झालं. शिवाय धावणं असो, रांगोळी असो, सगळ्या पदकांवर मशाल तीच!

मैत्रिणींनो, आपलं परमवीर चक्र एका मराठी घरच्या सुनेनं रेखाटलं, हे ठाऊक आहे का? सावित्रीबाई खानोलकर. जन्म १९१३ चा, स्वित्झर्लंडमधला. माहेरचं नाव ईव्ह. १९३२ मध्ये लष्करातल्या विक्रम खानोलकरांशी लग्न केलं आणि त्या इथल्याच झाल्या. मराठी, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. मुक्ताईनगरात राहणारीला याचं अप्रूप वाटणारच!

मेजर जनरल हिरालाल अटल यांनी शौर्यपदकाचं काम सोपवलं, तेव्हा हेच वाचन कामी आलं. ब्राँझची चकती, दीड इंचाहूनही लहान. मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, मागे दोन कमळं. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली, त्यांचं वज्र झालं. देह देणाऱ्या शिपायाला याहून शोभेल असं काय काढणार?

पदकाची रीत आपल्या मोदकाच्या साच्यासारखीच. पोलादी ठशात नक्षी उलटी, खोलगट कोरतात. दाब दिला की धातूवर सुलट उठून येते. एवढ्याशा जागेत फुलापानांची गर्दी केली की सगळंच पुसट. काय गाळायचं हे कळणं, तिथंच खरी परीक्षा.

२६ जानेवारी १९५० ला हे पदक सुरू झालं. पहिलं मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७ ला ते काश्मीरमध्ये बडगामला पडले होते. सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे ते दीर! आपण रेखाटलेलं पदक आपल्याच सोयऱ्यांच्या घरी असं जावं, तेव्हा त्या बाईंना काय वाटलं असेल?

आमच्या धावणारीला दुसरं पदक आणलं. या खेपेला नाव तिच्याच हातानं कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद दुकानात दिला. मशालीचं पुढल्या वर्षी बघू. चित्रकलेच्या तासाला मुलींना धावण्याचं पदक काढायला सांगितलंय, रेघा मात्र मोजक्याच. एकीनं नुसती धुळीतली पावलं काढून आणली आहेत.