मेलचं माहेर कुठलं?

सेंड दाबलं, ‘सेन्ट’मध्ये दिसलाही... आणि समोरच्याला मिळालाच नाही? दोष तुमच्या इंग्रजीचा नसेल बॉस, मेल ज्या मशीनमधून निघाला त्याच्या पत्त्याचा असू शकतो!

डिसेंबरातला रविवार. स्थळ असोदा, जळगावला खेटून असलेलं माझं आजोळ. (बहिणाबाईंचं माहेर म्हणून तुम्ही हे नाव वाचलं असेल. आम्ही मात्र ते भरिताच्या वांग्यांवरून ओळखतो!) शेतात कपाशीच्या काड्या पेटल्यात, वांगी भाजली जातायत, मामी मिरच्या ठेचतेय. आणि मामेभाऊ? तो खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलाय. चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा.

‘‘दादा, तू पुण्यात कॉम्प्युटरमध्येच आहे ना? मग सांग, मी मेल पाठवू राहिलो, तो जातो कुठे?’’

भाऊ जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात ऑफिस सांभाळतो. दुबईच्या एका पार्टीने एका कंटेनरचं कोटेशन मागितलं होतं. पठ्ठ्याने त्याच दिवशी पाठवलं. उत्तर नाही. आठवड्याने पुन्हा पाठवलं. तरी शांतता. फोन केला तर तिकडून एकच, ‘मेल करा’. व्हॉट्सअॅप चालेल का? नाही, खरेदी विभागाला कंपनीच्या डोमेनवरून आलेला मेलच लागतो. बारा दिवसांनी कळलं, ऑर्डर दुसऱ्याला गेली. शेठ काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

मी म्हटलं, मला एक टेस्ट मेल टाक. टाकला. थेट स्पॅममध्ये!

आता जरा आतली भानगड. मेल तुमच्या लॅपटॉपवरून समोरच्याच्या लॅपटॉपवर उडी मारत नाही. तो आधी तुमच्या मेल सर्व्हरकडे जातो आणि तो सर्व्हर समोरच्याच्या सर्व्हरचं दार ठोठावतो. दार उघडणारा पहिली गोष्ट बघतो ती ठोठावणाऱ्याचा आयपी अॅड्रेस. मजकूर नंतर! हा पत्ता कुठल्या देशातला, कुणाच्या मालकीचा, आधी इथून कचरा आला होता का, याचा हिशेब मिनिटभरसुद्धा घेत नाही. स्थळ बघायला आल्यावर मुलीकडचे जसं आधी गाव आणि घराणं विचारतात, तसंच.

जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ म्हणून एक ऑप्शन आहे, तिथे ही सगळी कुंडली दिसते. भावाच्या मेलची उघडली. वेबसाइटसोबत फुकट मिळालेला मेलबॉक्स, सर्व्हर पूर्व युरोपातल्या एका देशात. एकाच आयपीवर कितीतरी बिऱ्हाडं, चाळीतल्या एका नळासारखी. त्यातल्या एखाद्याने लॉटरीचे मेल सोडले की बदनाम होतो तो नळ, म्हणजे सगळेच! तो पत्ता एका ब्लॅकलिस्टवर होताही.

‘‘म्हणजे फॉरेनचा सर्व्हर म्हणून ना? मी तेच ओळखलं होतं,’’ भाऊ म्हणाला. आणि म्हणूनच त्याने मधल्या आठवड्यात स्वस्तातला मुंबईचा सर्व्हर घेऊन दुसरं कोटेशन तिथून पाठवलं होतं. माझी टेस्टही याच मुंबईच्या सर्व्हरवरून आली होती का, ते बघितलं. नाही, ती जुन्यावरूनच. मग मुंबईवरून टाकायला लावली. तीसुद्धा स्पॅममध्ये!

इथे गंमत आहे. मेल मुंबईतून निघाला हे खरं, पण डोमेनच्या एसपीएफ नोंदीत अजून युरोपातल्याच सर्व्हरचं नाव. एसपीएफ म्हणजे ‘माझ्या नावाने पत्र टाकायची मुभा अमक्याला’ अशी जाहीर यादी. यादीत नसलेला माणूस पत्र घेऊन आला तर वॉचमन संशय घेणारच, मग तो शेजारच्या गल्लीतून का आलेला असेना. डीकेआयएमची सही नव्हती. ती लाखेच्या मोहरेसारखी असते. वाटेत कुणी मजकुरात फेरफार केला की कळतं. आणि हे दोन्ही जुळलं नाही तर काय करायचं, हे सांगणारं डीमार्क? त्याचं तर नावही भावाने ऐकलं नव्हतं.

तिसरा प्रयोग तर भन्नाट. एका मित्राच्या सल्ल्याने त्याने ऑफिसच्या ब्रॉडबँडवरूनच, एक सॉफ्टवेअर टाकून मेल पाठवला. तो मात्र लगेच परत आला. घरगुती ब्रॉडबँडचे बदलते आयपी ‘इथून थेट मेल येणं अपेक्षितच नाही’ अशा यादीत असतात. स्पॅमहाउस या संस्थेची अशी यादी जगभर वापरली जाते. कारण साधं आहे. व्हायरस लागलेले घरचे पीसीच वर्षानुवर्षं स्पॅम ओकत आलेत. एप्रिल २०१२ मध्ये सोफोस या सिक्युरिटी कंपनीने जाहीर केलं होतं की स्पॅम पसरवणाऱ्या देशांत अमेरिकेला मागे टाकून भारत पहिला आलाय. कुणी आपल्यापैकी बसून ते मेल लिहीत नव्हतं हो, आपले पीसीच दुसऱ्याच्या हुकमावर चालत होते.

मग देश बघून मेल अडवणं बरोबर का? मला नाही वाटत. ११ नोव्हेंबर २००८ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या मॅककोलो नावाच्या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तोडण्यात आली आणि जगातला स्पॅम एका झटक्यात निम्म्याहून खाली आला! अशा पीसींच्या फौजांचे सूत्रधार सर्व्हर चक्क अमेरिकेत बसले होते. ‘अमेरिकेचा पत्ता म्हणजे सोज्वळ’ हा फंडा तिथेच निकालात निघाला. अंतराचं म्हणाल तर तेही फुसकं कारण, मुंबई-अमेरिका फेरीला फार तर पाव सेकंद लागतो.

पण थांबा, देशाचा अजिबात संबंध नाही असं म्हणून मी मोकळा होणार होतो, तेवढ्यात भावाने सोमवारी दुबईला फोन लावला. तिथल्या आयटीवाल्या मल्याळी मुलाने सांगितलं, आमच्याकडे ठराविक देशांतून आलेला मेल आपोआप जंकमध्ये जातो. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस मेलमध्ये ही सेटिंग आहेच, अॅडमिनने देश निवडायचे की झालं. भावाचा युरोपातला सर्व्हर नेमका त्या यादीतल्या देशात! पहिलं कोटेशन असं गेलं होतं. जळगावची चटई, जळगावचा माणूस, पण मेलचं माहेर भलतंच निघालं.

मोठ्या कंपन्यांनी आता गाव-घराण्यापेक्षा कागदपत्रं बघायला सुरुवात केलीय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने दंडक घातला. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच; दिवसाला ५,००० हून जास्त मेल टाकणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क. मे २०२५ पासून आउटलुकनेही मोठ्या पाठवणाऱ्यांवर तसंच बंधन आणलं. तुमच्या एचआरचे किंवा मार्केटिंगचे मेल अचानक ‘गायब’ होऊ लागले असतील, तर आधी इथे बघा.

भावाचं काम तासाभरात झालं. एका नावाजलेल्या सेवेचा पैसे देऊन घेतलेला मेलबॉक्स, डोमेनच्या तीन नोंदी, जुनी नोंद पुसली. नोंदी सगळीकडे पसरायला काही तास लागतात, तेवढ्यात आम्ही भरीत-पुरीचा फडशा पाडला. संध्याकाळी टेस्ट मेल माझ्या इनबॉक्समध्ये, अगदी वरती. त्यात एकच ओळ : ‘दादा, मामीनं वांगी बांधून ठेवली, विसरू नको.’ स्वतःच्या आईला मामी म्हणतो, कारण पत्र मला आहे ना!

दुबईची ऑर्डर काही परत आली नाही. जानेवारीत मस्कतहून छोटी चौकशी आली. कोटेशन गेलं, आणि पाचच मिनिटांत भावाने फोनही लावला, ‘‘साहेब, मेल मिळाला का?’’ मिळाला होता.