आधी उत्तर देईल तो

हार्ड डिस्क नसलेलं मशीन चालू होतं तेव्हा त्याच्याजवळ काहीच नसतं. आयपी पत्ता नाही, ऑपरेटिंग सिस्टीम नाही, आणि ती कुठे मिळेल हेही माहीत नाही. नेटवर्क कार्डात कारखान्यातच लिहिलेला मॅक पत्ता, एवढंच काय ते भांडवल. त्यावर ते ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ला, म्हणजे केबलवर जो कोणी असेल त्या सगळ्यांना हाक मारतं. ही हाक म्हणजे डिस्कव्हर. कुणी ऐकलं तर ऑफर येते, मशीन रिक्वेस्ट पाठवतं, सर्व्हर ॲक देतो आणि पत्ता मिळतो.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये अशी मशीन रांगेने मांडली आहेत. जुन्या हार्ड डिस्क एकेक करत गेल्या, तेव्हा प्रत्येकासाठी नवी घेण्यापेक्षा एकच चांगला सर्व्हर घ्यावा असं ठरलं. सगळी मशीन आता त्याच्याकडून लिनक्स उचलतात. तिथलं नेटवर्क मी बघतो. प्रॅक्टिकल चालू असताना लाइट जाऊन आली की अख्खी रांग एकाच वेळी हाका मारायला लागते. स्विचवरची लुकलुक तेव्हा बघत बसावी अशी असते.

या लॅबमध्ये उत्तर देणारे दोघं आहेत. ऑफिसातली फायरवॉलची पेटी सगळ्या कॉलेजला पत्ते वाटते आणि लॅबचा सर्व्हर मशीन बूट करतो. एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारे सर्व्हर, ठेवू नयेत, असं या धंद्यात पहिल्याच आठवड्यात सांगतात. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. दोन सर्व्हर असणार हे डीएचसीपीच्या नियमांत धरलेलंच आहे. मशीनला दोन ऑफर आल्या तर ते एक निवडतं, पण रिक्वेस्ट पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशीच पाठवतं आणि तीत निवडलेल्या सर्व्हरचा पत्ता घालतं. ज्याची ऑफर घेतली नाही तो सर्व्हर ते ऐकतो आणि राखून ठेवलेला पत्ता मोकळा करतो. भांडण होतं ते दोघं एकाच पूलमधले पत्ते एकमेकांना न विचारता वाटतात तेव्हा, किंवा दोघं वेगवेगळ्या नेटवर्कचे पत्ते देतात तेव्हा.

आम्ही कामच वाटून दिलं आहे. लॅबच्या सर्व्हरवर डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याच्या सेटिंगमध्ये पत्त्यांच्या रेंजच्या जागी ‘प्रॉक्सी’ एवढंच लिहिलं आहे, त्यामुळे तो पत्ता देतच नाही. हाकेत ‘पीएक्सईक्लायंट’ अशी ओळख सांगणाऱ्यालाच तो बूटची फाइल कुठे आहे ते सांगतो. पोरांचे मोबाइल, सरांचे लॅपटॉप यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. पत्ता पेटीकडून, फाइल सर्व्हरकडून; दोन्ही जोडून घेण्याचं काम मशीनमधला रॉम करतो.

गंमत म्हणजे पत्ते वाटायची ही सगळी पद्धत मुळात बिनडिस्कच्या मशीनसाठीच निघाली. सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिल्मोर यांनी बूटपी लिहिलं. त्याच पाकिटाचा साचा ठेवून पुढे डीएचसीपी आलं. राल्फ ड्रोम्स यांचा आजही पायाभूत मानला जाणारा मसुदा मार्च १९९७चा. बूट फाइलच्या नावासाठी ठेवलेली १२८ बाइटची जागा त्या पाकिटात अजून आहे. कॉलेज रोडवरच्या कॅफेत तुमचा मोबाइल वायफायला जोडला जातो, तेव्हाही ती जागा पाकिटासोबत जाते. तिचा तिथे काही उपयोग नसतो, एवढंच.

खरा ताप देतो तो न बोलावता आलेला तिसरा. वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये कुणाला तरी वायफाय हवं असतं. घरचा राउटर आणून भिंतीतली केबल निळ्या पोर्टऐवजी पिवळ्या पोर्टला लावली, की तोही पत्ते वाटू लागतो. लासलगावला कांद्याच्या लिलावात चढी बोली जिंकते, इथे बहुतेक वेळा आधीची. आणि हा स्वस्तातला राउटर आधीच बोलतो. आमच्या पेटीतला आयएससीचा डीएचसीपी सर्व्हर जुन्या वळणाचा आहे. नवा पत्ता देण्याआधी तो कुणी वापरत तर नाही ना, हे पिंग टाकून बघतो आणि सेकंदभर वाट पाहतो. राउटरला असला सोस नसतो. (आयएससीने हा सर्व्हर २०२२च्या अखेरीस निवृत्त केला आणि किआ या आपल्याच नव्या सर्व्हरकडे वळायला सांगितलं. चालतंय तोवर कोण हात लावतो!)

डिस्कवाल्या मशीनला चुकीचा पत्ता मिळाला तर फार तर नेट चालत नाही. बिनडिस्कचं मशीन आडवंच होतं, तेही दर वेळी वेगळ्या जागी, कारण एका बूटमध्ये ते दोनदा पत्ता मागतं: आधी रॉम मागतो, मग लिनक्स. दोघांची ओळख सांगायची पद्धतही वेगळी, त्यामुळे पुष्कळदा एकच मशीन पूलमधले दोन पत्ते खातं. राउटर घुसला त्या दिवशी काही मशीन पीएक्सई-ई३२ दाखवून थांबली होती, म्हणजे फाइल मागितली पण टीएफटीपीचं उत्तर आलं नाही. काही नीट उठली. काहींवर लिनक्स यायला लागलं आणि मध्येच अडकलं. ‘सर, आयपी तर उचललाय, पण पुढेच जात नाही,’ असं लॅब असिस्टंट सांगत होता. त्याचं बरोबर होतं. रॉमला पेटीने पत्ता दिला होता आणि लिनक्सला राउटरने. दुसऱ्याच नेटवर्कच्या पत्त्यावरून लिनक्सच्या बाकीच्या फाइल देणारा एनएफएस सर्व्हर कसा सापडणार?

पण अडकलेल्या स्क्रीनवरच चोराचं नाव असतं. ‘आयपी-कॉन्फिग’ने सुरू होणारी एक ओळ येते आणि तिच्या शेवटी कंसात ‘डीएचसीपी फ्रॉम’ लिहून पत्ता येतो. आमच्याकडे तिथे १९२.१६८.०.१ होतं. लॅपटॉपला त्याच रेंजचा पत्ता देऊन पिंग टाकलं आणि एआरपीच्या यादीतून मॅक पत्ता काढला. पहिल्या तीन बाइटवरून बनवणारी कंपनी कळली. मग मॅनेज्ड स्विचच्या तक्त्यात तो मॅक कोणत्या पोर्टवर दिसतो ते बघितलं आणि पोर्टच्या नंबरावरून जिना चढलो. राउटर काढून नेला असता तर दुसऱ्या दिवशी दुसरा आला असता. म्हणून त्याच्यातला डीएचसीपी बंद केला आणि केबल आहे तिथेच ठेवली. आता तो नुसता वायफाय देतो आणि केबिनवालेही खूश आहेत.

स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं की ऑफर फक्त भरवशाच्या पोर्टवरून पुढे जाते, बाकीच्या स्विच टाकून देतो. बहुतेक जण पेटीकडे जाणारा पोर्ट तेवढा भरवशाचा करून मोकळे होतात. पण प्रॉक्सीचं उत्तरही ऑफरच असतं, त्यामुळे लॅबच्या सर्व्हरचा पोर्टही त्या यादीत घालावा लागतो. नाहीतर स्विच त्यालाही घुसखोर समजतो आणि रांगेतल्या प्रत्येक मशीनवर पीएक्सई-ई५३ उमटतं: पत्ता मिळाला, फाइलचं नाव नाही. मागच्या रांगेला साधा स्विच आहे, त्यात ही सोय नाही. तो बदलायचं कोटेशन दिलेलं आहे.