दुधातुपाविना दिवाळीचे पान

मांसाहाराबरोबरच दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य मानणारा ‘व्हीगन’ आहार आता आपल्या घरांपर्यंत पोहोचला आहे. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये घडला. गेल्या दिवाळीत माझी भाची हा नेम घेऊन गोव्यात आमच्याकडे आली. “तुपाशिवाय कसली गो दिवाळी?” हा माझ्या आईचा प्रश्न; तर भाचीचे पान निराळे मांडू नये, हा माझा आग्रह. सणाच्या पंगतीत निराळे पान म्हणजे घरच्या मुलीस परके करणेच होय.

विचार करता ध्यानात आले, की गोमंतकीय पाककलेने ही वाट आधीच आखून ठेवली आहे. येथे दुधाचे काम पुष्कळदा नारळाचा रस करतो. रसातले गोड फोव, अळसांद्यांचे तोणक, आंबाड्यांचे सासव, पुऱ्या, वरण-भात आणि अखेरीस सोलकढी, असा बेत ठरला. तूप वाटीत वेगळे ठेवले. हवे त्याने घ्यावे. आईने भाचीला आग्रहाने दुसऱ्यांदा फोव वाढले.

वैद्यकीय दृष्ट्या दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. वनस्पतिजन्य अन्नातून ब-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. व्हीगन व्यक्तीने ते गोळीवाटे किंवा ब-१२ मिसळलेल्या खाद्यपदार्थांतून नियमित घ्यावे. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत त्याची उणीव अधिक संभवते. तसेच नारळातील स्निग्धांश बहुतांशी संतृप्त असल्याने हृदयरुग्णांनी रस बेतानेच घ्यावा.

सणाचा बेत आखताना आपल्या परंपरेत काय आहे ते प्रथम आठवावे. वगळण्याची यादी मग फारच आखूड उरते.