जुन्या दुनळीत नवं काडतूस

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, आचारसंहिता उठली की परत घरी येतात. त्यांतली एखादी दुनळी पणजोबांच्या काळात विलायतेहून आलेली असते आणि नळीवर बर्मिंगहॅमचा किंवा लंडनचा शिक्का असतो. बंदूक बारा बोअर, दुकानात मिळालेलं काडतूसही बारा बोअर. नळीत टाकलं तर सहज बसतं. म्हणजे सगळं जुळलं, असंच कोणालाही वाटेल.

पण बोअरचा आकडा फक्त जाडी सांगतो. एक पाउंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअर. आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. काडतूस किती लांब असावं, याबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही. जुन्या इंग्रजी दुनळ्यांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बहुतेक अडीच इंची असतं, बाजारी भाषेत ६५ मिलिमीटर. आज बाजारात ७० मिलिमीटरची काडतुसं सर्रास मिळतात आणि त्याहून लांब ७६ आणि ८९ मिलिमीटरचीही बनतात.

मग ७० मिलिमीटरचं काडतूस ६५ च्या चेंबरात बसतं कसं? खोक्यावरची लांबी असते ती बार उडाल्यानंतरच्या मोकळ्या टोपणाची, म्हणजे काडतुसाच्या बाहेरच्या पुंगळीची. न उडालेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते ६० मिलिमीटरच्या आसपासच भरतं आणि आखूड चेंबरात बिनतक्रार उतरतं. चाप ओढला की दुमड उलगडते. चेंबर लांब असेल तर ती आपल्या जागेत पसरते. आखूड असेल, तर चेंबरपुढे नळी जिथे निमुळती होत जाते तिथे प्लास्टिकची कड घुसते, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि मागचा दाब वाढतो. काडतूस बसलं, हा काही पुरावा नव्हे.

दाब किती वाढतो, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. ‘डबल गन जर्नल’ या अमेरिकी नियतकालिकात शर्मन बेल यांनी जुन्या बंदुकांवर स्वतः चाचण्या करून लेखमाला लिहिली. लांब टोपणामुळे होणारी वाढ लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी निघाली. खरी भीती टोपणाच्या लांबीपेक्षा त्यातल्या भरण्याची आहे. लांब काडतुसात बहुधा दारू आणि छर्रे जास्त असतात, आणि शंभर वर्षांच्या नळीला, सांध्याला आणि लाकडी दस्त्याला तो जोर सोसायचा असतो. म्हणून तर ब्रिटिश कारखाने ६५ मिलिमीटरच्या चेंबरसाठी सौम्य भरण्याची काडतुसं आजही बनवतात आणि तसं खोक्यावर छापतात. बेल यांच्या निष्कर्षांचा आधार घेऊन हाताला येईल ते काडतूस टाकणं मात्र आगाऊपणाच.

बंदूक काय सोसू शकते, हे तिच्या पोटावर कोरलेलं असतं. नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढून नळ्या उलट्या केल्या की मागच्या सपाट भागावर बारीक शिक्के दिसतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. तिथे नेहमीपेक्षा जबर बार उडवून नळी तपासायची आणि टिकली तर शिक्का मारायचा, अशी ही पद्धत. १९०४ नंतरच्या बंदुकीवर मुकुटाखाली किंवा तलवार धरलेल्या हाताखाली ‘एनपी’ अक्षरं असतील, तर ती धूरहीन दारूवर तपासलेली आहे. ती नसतील, तर काळ्या दारूपलीकडे काही गृहीत धरू नये. १९५४ नंतर दाबाचा आकडाही येतो, उदाहरणार्थ ‘३ टन’. तो आजच्या खोक्यावरच्या ‘बार’ या दाबाच्या एककाशी थेट ताडून पाहू नये, मोजण्याची रीतच वेगळी आहे. १९२५ पूर्वीच्या नळीवर चेंबरची लांबी बहुधा कोरलेली नसते, तेव्हा ती जाणत्या कारागिराकडून मापूनच घ्यावी लागते. एक शिक्का आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगा: ‘नॉट फॉर बॉल’. १८७५ ते १८८७ दरम्यान तोंडाशी आवळलेल्या, म्हणजे चोक असलेल्या नळ्यांवर तो असे. रानडुकरासाठी एकगोळी काडतूस वापरणाऱ्याने तो आधी शोधावा.

शिक्का मारल्यावर शंभर वर्षांत काय काय झालं, ते मात्र शिक्का सांगत नाही. गंज घासून काढताना नळी आतून पातळ झालेली असते, कोणी लांब काडतुसांसाठी चेंबर खोदून वाढवलेलं असतं. ब्रिटनमध्ये असं काम केलेली बंदूक पुन्हा प्रूफ केल्याशिवाय विकणं हा गुन्हा आहे.

सगळ्यांत वाईट घोटाळा वीस बोअरचा. बारा आणि वीस अशा दोन्ही मापांच्या बंदुका असलेल्या घरात खिशात काडतुसं मिसळतात. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकलं की ते चेंबरातून पुढे घसरतं आणि निमुळत्या भागात त्याची कड अडकते. चाप ओढला तर नुसता ‘टक’ आवाज. बंदूक उघडून पाहावी तर चेंबर रिकामं. मग त्यामागे बारा बोअरचं काडतूस बसतं, बार उडतो आणि नळी फुटते, तीही नेमकी पुढच्या हाताजवळ. याचसाठी वीस बोअरची काडतुसं पिवळी करण्याचा संकेत पडला. पिवळं काडतूस बारा बोअरच्या खिशात जाता कामा नये.

आता शिशाची जागा पोलादी छर्रे घेऊ लागले आहेत. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी घातली, युरोपीय संघात पाणथळ जागी २०२३ पासून आहे. पोलाद शिशासारखं दबत नाही. जुन्या मऊ नळीच्या आवळलेल्या तोंडाशी ते जोर करतं आणि तिथे नळीला बाहेरून गोल वळ उठू शकतो. जोरदार भरण्याच्या पोलादी काडतुसांसाठी नळीवर फ्लर-द-लिस, म्हणजे लिलीच्या फुलाचा शिक्का लागतो आणि तो जबर दाबाच्या चाचणीनंतरच मिळतो. पणजोबांच्या दुनळीवर तो असण्याचं कारण नाही. ज्या देशांत शिसं बंद झालं तिथले जुन्या बंदुकांचे शौकीन त्यामुळे महागड्या बिस्मथ छर्ऱ्यांकडे वळले. हा धातू शिशाहून थोडा हलका, पण पोलादाहून पुष्कळ मऊ असतो.